टोकियोतील एका दिवसाची कामे

प्रवासवर्णनांत देवळे, राजवाडे, उद्याने आणि पर्वतशिखरे यांना मानाचे स्थान असते. बँकेतील खिडकी, टपाल कचेरीतील रांग, आगगाडीचे तिकीट किंवा एखाद्याचे घर शोधताना झालेली पायपीट यांचा उल्लेख झालाच, तर तो गमतीखातर होतो. वस्तुतः परक्या देशात गेलेल्या माणसाचा बराचसा वेळ अशाच कामांत जातो, आणि तेथील समाज कसा चालतो याची ओळखही त्याला त्यांतूनच होते. मंदिर पाहताना पाहुणा केवळ प्रेक्षक असतो. काम करून घेताना मात्र तो त्या समाजाच्या स्वाधीन झालेला असतो. या व्याख्यानासाठी टोकियो शहरातील असाच एक दिवस निवडला आहे. त्या दिवसाचे नायक एक कल्पित भारतीय गृहस्थ आहेत. परंतु ते ज्या कचेऱ्यांत जातात, ज्या गाडीत बसतात आणि ज्या कायद्याचा त्यांना आधार मिळतो, ते सारे प्रत्यक्षातले आहे.

हे गृहस्थ निवृत्त ग्रंथपाल आहेत असे समजावे. जपानमध्ये ते प्रथमच आले आहेत, भाषा त्यांना येत नाही, आणि शिंबाशी भागातील एका साध्या हॉटेलात ते उतरले आहेत. त्या दिवशी त्यांना तीन कामे उरकायची आहेत. पैसे बदलून घ्यायचे, घरी पत्र टाकायचे आणि एक पुडके पोहोचवायचे. पुडके त्यांचे स्वतःचे नाही. त्यांच्या शहरातील संस्कृतच्या एका वृद्ध प्राध्यापकांनी आपल्या जपानी स्नेह्यासाठी ते दिले आहे. एका बौद्ध ग्रंथावर चाळीस वर्षे हाताने लिहून ठेवलेली टिपणे त्यात आहेत, आणि त्यांची दुसरी प्रत नाही. टपालावर भरवसा न ठेवता जाणाऱ्या-येणाऱ्याच्या हाती वस्तू सोपवण्याची आपल्याकडील जुनी रीत श्रोत्यांना ठाऊकच आहे. कामे उरकता उरकता आसाकुसाचे देऊळ आणि उएनोचे उद्यान पाहून घ्यावे, असा त्यांचा बेत आहे.

सकाळी नऊ वाजता बँक उघडते. यंत्रातून क्रमांकाची चिठ्ठी घ्यावयाची, अर्ज भरावयाचा, पारपत्र दाखवावयाचे आणि आपला क्रमांक पुकारला जाईपर्यंत बसून राहावयाचे. कारकून पैसे हातात देत नाही. एका लहानशा तबकात ठेवून, मोजून दाखवून ते तबक पुढे सरकवतो. जपानमधील बहुतेक दुकानांतही हीच रीत आहे. २०२४ च्या जुलै महिन्यात चलनात आलेल्या नव्या नोटा गृहस्थांच्या हाती येतात. या नोटांवर सेनापती किंवा सम्राट नाहीत. दहा हजार येनच्या नोटेवर शिबुसावा एइइची हे उद्योजक आहेत. जमशेटजी टाटा १८९३ मध्ये जपानला गेले तेव्हा त्यांची शिबुसावांशी भेट झाली होती, आणि त्याच वर्षी एका जपानी जहाज कंपनीने मुंबईपर्यंत नियमित वाहतूक सुरू केल्याने भारतीय कापूस थेट जपानला जाऊ लागला. पाच हजारांच्या नोटेवर त्सुदा उमेको आहेत. १८७१ साली वयाची सात वर्षे पूर्ण होण्याच्या सुमारास त्यांना शिक्षणासाठी अमेरिकेस धाडण्यात आले, आणि १९०० मध्ये त्यांनी टोकियोत स्त्रियांसाठी शाळा स्थापन केली. हजाराच्या नोटेवर कितासातो शिबासाबुरो हे जंतुशास्त्रज्ञ आहेत. १८९४ मध्ये हाँगकाँगच्या साथीत त्यांनी आणि येरसँ या शास्त्रज्ञाने स्वतंत्रपणे प्लेगच्या जंतूचा शोध घेतला. दोनच वर्षांनी, १८९६ मध्ये, ती साथ मुंबईत पोहोचली. ज्या नोटा पाहुणा केवळ मोजून खिशात ठेवतो, त्यांवर त्याच्या स्वतःच्या देशाच्या इतिहासाचे धागेही असे गुंतलेले असतात.

टपाल कचेरी जवळच असते. जपानमध्ये आधुनिक टपालव्यवस्था १८७१ साली सुरू झाली. २००७ मध्ये ती कंपन्यांच्या स्वाधीन करण्यात आली. तथापि लाल पेटी आणि तिच्यावरील खूण यांत बदल झालेला नाही. येथे गृहस्थांचे लक्ष पत्ता लिहिण्याच्या रीतीकडे जाते. आपण प्रथम माणसाचे नाव लिहितो, मग घर, मग गल्ली, मग गाव. जपानी पत्ता याच्या नेमका उलट चालतो. प्रथम टपालाचा सांकेतिक क्रमांक, मग प्रांत, शहर, विभाग, वस्ती आणि अगदी शेवटी माणूस. मोठ्याकडून लहानाकडे जाणारी ही रीत टपाल निवडणाऱ्याच्या दृष्टीने अधिक सोयीची आहे यात शंका नाही. आपल्याकडे हेच कार्य पिनकोड करतो. १९७२ साली सुरू झालेल्या या सहा अंकी योजनेचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातील अधिकारी होते, आणि संस्कृत नाटककार म्हणूनही त्यांची ख्याती होती. जपानने १९६८ पासून सांकेतिक क्रमांक वापरण्यास आरंभ केला, आणि १९९८ मध्ये तो सात अंकी केला.

यानंतर गृहस्थ शिंबाशीहून भुयारी रेल्वेने उएनोला निघतात. ही गिंझा मार्गाची गाडी होय. तिचा उएनो ते आसाकुसा हा पहिला टप्पा १९२७ च्या डिसेंबरमध्ये खुला झाला, आणि आशिया खंडातील ती पहिली भुयारी रेल्वे ठरली. प्रत्येक स्थानकाला एक अक्षर आणि एक अंक दिलेला असल्यामुळे जपानी लिपी न येणाऱ्यालाही वाट चुकण्याचे भय उरत नाही. शिंबाशी जी-८, उएनो जी-१६, आणि शेवटचे आसाकुसा जी-१९. फलाटावर प्रत्येक दार कोठे येणार याच्या खुणा आखलेल्या असतात, आणि लोक त्या खुणांमागे रांगेने उभे राहतात. डब्यात दाटी असली तरी बोलणे जवळजवळ नसते. फिरत्या दूरध्वनीवर संभाषण करणे असभ्यपणाचे मानले जाते. गृहस्थ हातातील पुडके वरच्या फळीवर ठेवतात आणि स्थानकांचे अंक मोजत बसतात. सोळावा अंक दिसताच ते गर्दीतून वाट काढीत उतरतात. दारे मिटतात, गाडी बोगद्यात शिरते, आणि हात रिकामे असल्याचे तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात येते.

अशा वेळी माणसाच्या मनात जे येते ते सर्व देशांत सारखेच असते. वस्तू स्वतःची असती तर हळहळून गप्प बसता आले असते. परंतु ती दुसऱ्याची होती, विश्वासाने सोपवलेली होती, आणि पैशाने भरून येणारी नव्हती.

फलाटाच्या टोकाशी स्थानकाची कचेरी असते. तेथील कर्मचारी तरुण आहे. त्याला इंग्रजी थोडेच येते, म्हणून तो यंत्राद्वारे भाषांतर करून प्रश्न विचारतो. त्या प्रश्नांचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. गाडी किती वाजता आली? उतरलात ते दार कोणत्या क्रमांकाच्या खुणेसमोर होते? पुडके उजव्या फळीवर की डाव्या? रंग, आकार, आत काय आहे? गाड्या वेळापत्रकाप्रमाणे धावत असल्याने वेळेवरून गाडी ठरवता येते, आणि खुणेच्या क्रमांकावरून डबा. ज्या काटेकोरपणाचे पाहुण्याला घटकेपूर्वी कौतुक वाटले होते, तो केवळ शोभेचा नाही, संकटकाळी शोध घेण्याचे ते साधन आहे, हे येथे उघड होते. कर्मचारी कोरा अर्ज पुढे करतो, दूरध्वनी उचलतो, आणि काही मिनिटांनी आसाकुसाहून उत्तर येते. गाडीचे ते अखेरचे स्थानक. तेथे डबे पाहताना पुडके सापडले आहे. पारपत्र घेऊन तेथे यावे.

जपानमध्ये वस्तू परत मिळतात ही गोष्ट आता जगभर सांगितली जाते, आणि ती बहुधा जपानी माणसाच्या जन्मजात प्रामाणिकपणाचा दाखला म्हणून सांगितली जाते. या समजुतीचा थोडा खोलात जाऊन विचार करणे आवश्यक आहे.

हरवलेल्या वस्तूंविषयीचा जपानी कायदा १८९९ सालचा आहे. २००६ मध्ये त्याची नव्याने रचना झाली, आणि २००७ च्या अखेरीस नवा कायदा अमलात आला. सापडलेली वस्तू मालकाला किंवा पोलिसांना द्यावी, आणि रेल्वे, दुकान अशा जागी सापडली तर तेथील चालकाच्या स्वाधीन करावी, असे त्यात सांगितले आहे. मालक आला तर सापडवणाऱ्यास वस्तूच्या किमतीच्या पाच ते वीस टक्के बक्षीस मागण्याचा अधिकार आहे. रेल्वे किंवा दुकान यांच्या आवारात सापडलेल्या वस्तूसाठी ते प्रमाण निम्मे असते. तीन महिन्यांत मालक आला नाही, तर काही अपवाद वगळता वस्तू सापडवणाऱ्याची होते. पूर्वी ही मुदत सहा महिन्यांची होती. उलट, सापडलेली वस्तू स्वतःकडेच ठेवणे हा दंडविधानाप्रमाणे गुन्हा असून त्यास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. म्हणजे प्रामाणिकपणाला कायद्याने मान दिला आहे, त्याला थोडासा लाभही जोडून दिला आहे, आणि अप्रामाणिकपणाला शिक्षा ठेवली आहे.

परंतु नुसत्या कायद्याने हे घडले असते, तर ते इतरत्रही घडले असते. आपल्याकडील १८७२ च्या करार अधिनियमातही दुसऱ्याची वस्तू सापडून ती ताब्यात घेणाऱ्यावर जबाबदारी टाकलेली आहे. फरक पडतो तो अंतरामुळे. जपानमध्ये वस्तू सापडली की ती कोठे द्यावयाची हे लहान मुलालाही ठाऊक असते, आणि ती जागा बहुधा चालत जाण्याइतकी जवळ असते. तिला ‘कोबान’ म्हणतात. दारावर तांबडा दिवा असलेली ही छोटी पोलीस चौकी १८७४ साली टोकियोत प्रथम सुरू झाली. आज देशभर अशा सुमारे सहा हजार चौक्या आहेत. सिंगापूरने १९८३ मध्ये ही पद्धत पाहून आपल्याकडे तशा चौक्या उघडल्या. रस्त्यात नाणे सापडलेले मूल ते चौकीत नेऊन देते; पोलीस त्याचे नाव लिहून घेतो आणि त्याला शाबासकी देतो. वस्तू नेऊन देणाऱ्याची तेथे उलटतपासणी होत नाही, आणि सारा दिवसही मोडत नाही. टोकियोच्या पोलिसांकडे २०२३ साली चाळीस लाखांहून अधिक हरवलेल्या वस्तू जमा झाल्या. त्यांत छत्र्यांची संख्या फार मोठी असते, आणि छत्री न्यायला मात्र क्वचितच कोणी येते. प्रामाणिकपणा सोपा करून ठेवल्यामुळे तो सार्वत्रिक झाला, असे म्हणणे सत्याच्या अधिक जवळ जाईल.

गृहस्थ पुढच्या गाडीने आसाकुसाला पोहोचतात. तेथे त्यांना पुडके लगेच हाती मिळत नाही. आत काय आहे ते पुन्हा सांगावे लागते, पारपत्रावरील नाव पडताळले जाते, सही घेतली जाते. नाव विचारले तरी पुडके आणून देणारा समोर येत नाही. तो कर्मचारी आपले काम करून पुढच्या गाडीकडे गेलेला असतो. गृहस्थ बक्षीस देऊ पाहतात, ते नम्रपणे नाकारले जाते. जपानमध्ये उपाहारगृहातही बक्षिसी देण्याची रीत नाही. केलेल्या कामाचा मोबदला वेतनात आलेला आहे, असे मानले जाते.

ज्या मंदिरासाठी दुपार राखून ठेवली होती, ते आता समोरच आहे. सेन्सोजी हे टोकियोतील सर्वांत प्राचीन मंदिर. ६२८ साली सुमिदा नदीत मासे पकडणाऱ्या दोघा भावांच्या जाळ्यात कान्नोनची मूर्ती आली, अशी त्याची स्थलकथा आहे. कान्नोन म्हणजे आपल्याकडील अवलोकितेश्वर. मूळ मूर्ती गाभाऱ्यात गुप्त ठेवलेली असून ती भक्तांना दाखवली जात नाही. प्रवेशद्वारी लाल कागदी आकाशकंदील टांगलेला आहे. त्याची भव्यता पाहूनच कळावी. आत दुतर्फा दुकानांची रांग, मग धुपाचे मोठे पात्र, ज्याचा धूर लोक हातांनी अंगावर घेतात. पंढरपूर, काशी किंवा तिरुपती पाहिलेल्या माणसाला येथे परके वाटण्याचे कारण नाही. भविष्याच्या चिठ्ठ्याही येथे मिळतात. डबा हलवून काडी काढावयाची, तिच्या अंकाचा खण उघडावयाचा आणि चिठ्ठी वाचावयाची. अशुभ भविष्य निघाल्यास चिठ्ठी तेथेच मांडलेल्या चौकटीस बांधून लोक निश्चिंत मनाने घरी जातात.

हे देऊळ दिसते तितके जुने नाही, ही गोष्ट बहुतेक पर्यटकांच्या ध्यानात येत नाही. १९४५ च्या मार्च महिन्याच्या दहाव्या तारखेस, मध्यरात्रीनंतर, अमेरिकन विमानांनी टोकियोच्या पूर्व भागावर आगलाव्या बॉम्बचा वर्षाव केला. एका रात्रीत सुमारे एक लाख माणसे मृत्युमुखी पडली. शतके उभे असलेले मुख्य मंदिर त्या आगीत जळाले. आजची वास्तू १९५८ सालची आहे, आणि कंदिलाचे प्रवेशद्वार मात्सुशिता कोनोसुके या उद्योगपतीच्या देणगीतून १९६० मध्ये पुन्हा उभे राहिले.

त्याआधीही याच भागाने एक प्रलय पाहिला होता. १ सप्टेंबर १९२३ रोजीच्या भूकंपात आणि त्यानंतरच्या आगीत एक लाखाहून अधिक लोक मरण पावले किंवा बेपत्ता झाले. त्या दिवसांत कोरियन लोक विहिरींत विष टाकत आहेत, अशा अफवा पसरल्या. गल्लोगल्ली जमलेल्या जमावांनी, आणि काही ठिकाणी सैनिक व पोलीस यांनीही, निरपराध कोरियन माणसांची मोठ्या संख्येने हत्या केली. काही चिनी लोक, तसेच बोलीवरून संशय आलेले काही जपानीही त्यात मारले गेले. परक्याचे पुडके शोधून परत देणारे शहर आणि परक्याला उच्चारावरून ओळखून ठार मारणारे शहर एकच आहे. प्रामाणिकपणा व सौजन्य हे रक्तातील गुण असते, तर हा इतिहास समजून घेणे अशक्य झाले असते. ते जपून वाढवावे लागतात, शिकवावे लागतात, आणि अफवेच्या एका आठवड्यात मोडूही शकतात, असे मानले तरच या दोन्ही गोष्टींची संगती लागते.

दुपारचे जेवण मंदिरामागच्या गल्लीतील एका खाणावळीत होते. दारातील काचेच्या कपाटात पदार्थांच्या हुबेहूब प्रतिकृती मांडलेल्या असतात. पाहुण्याने बोट दाखवावे, काम होते. शाकाहारी माणसाने मात्र सावध असावे, कारण वरकरणी भाजीचा दिसणारा रस्साही बहुधा वाळवलेल्या माशांच्या पाण्यात शिजलेला असतो. यादीत ‘कारे’ हा पदार्थ असतो. भारतीय पद्धतीचा कारे-भात टोकियोत लोकप्रिय होण्यामागे एका भारतीय क्रांतिकारकाची कथा आहे. १९१२ मध्ये दिल्लीत व्हाइसरॉय हार्डिंग यांच्यावर बॉम्ब टाकला गेला. त्या कटातील रासबिहारी बोस १९१५ मध्ये जपानला पोहोचले. इंग्रजांच्या आग्रहावरून जपानी सरकारने त्यांना देश सोडण्याची आज्ञा केली. तेव्हा शिंजुकू भागातील नाकामुराया या पावाच्या दुकानाचे मालक सोमा आणि त्यांच्या पत्नी यांनी त्यांना आपल्या आवारात लपवून ठेवले. पुढे १९१८ मध्ये त्यांच्या कन्येशी, तोशिको यांच्याशी, बोस यांचा विवाह झाला. नाकामुरायाने १९२७ मध्ये उपाहारगृह उघडले, तेव्हा बोस यांच्या सूचनेप्रमाणे तेथे भारतीय पद्धतीचा कारे-भात मिळू लागला. तो आजही मिळतो. या कथेत परक्याचे रक्षण कायद्याने केले नाही; उलट शासनाच्या आज्ञेविरुद्ध एका दुकानदार कुटुंबाने ते केले. व्यवस्था कितीही चांगली असली, तरी जेथे ती पुरत नाही तेथे एकट्यादुकट्या माणसाच्या धैर्यावाचून गत्यंतर नसते.

खाऊन झाल्यावर हातातील कागदी वेष्टन कोठे टाकावे, हा प्रश्न गृहस्थांना पडतो. रस्त्यावर कचरा नाही आणि कचऱ्याची पेटीही नाही. १९९५ च्या मार्चमध्ये एका पंथाच्या अनुयायांनी टोकियोच्या भुयारी रेल्वेत विषारी वायू सोडला, तेव्हापासून सार्वजनिक पेट्या मोठ्या प्रमाणात काढून टाकण्यात आल्या. आपला कचरा आपणच घरी न्यावा, हे लोकांनी मान्य केले. शाळेत वर्ग झाडण्याचे काम मुलेच आळीपाळीने करतात. त्या सवयीचाही यात वाटा असला पाहिजे. गृहस्थ वेष्टनाची घडी करून ती खिशात ठेवतात.

उतरत्या उन्हात ते उएनोला परततात. उद्यानातील शिनोबाझु तळ्याच्या मध्यभागी बेंतेनचे देऊळ आहे. बेंतेन ही वीणेसारखे तंतुवाद्य धारण करणारी विद्येची व कलेची देवता, म्हणजेच सरस्वती. चीनमार्गे ती जपानला गेली, आणि पाण्याच्या काठी राहण्याची आपली आवड तिने तेथेही जपली. शेजारच्या प्राणिसंग्रहालयात भारताची आणखी एक आठवण आहे. युद्धकाळात, १९४३ मध्ये, हवाई हल्ल्यात श्वापदे सुटतील या भीतीने तेथील हिंस्र प्राणी मारण्यात आले. हत्तींची उपासमार करण्यात आली. युद्धानंतर टोकियोच्या मुलांनी हत्तीसाठी पंडित नेहरूंना पत्रे लिहिली, आणि १९४९ मध्ये नेहरूंनी ‘इंदिरा’ नावाची हत्तीण पाठवली. १९८३ पर्यंत ती तेथे होती. विमानांच्या भीतीतून सावरणाऱ्या एका पिढीने हत्ती म्हणजे काय ते तिच्याकडे पाहून जाणले.

आता शेवटचे काम उरते. प्राध्यापकांचे स्नेही उएनोच्या पलीकडे यानाका भागात राहतात. भूकंप आणि युद्ध या दोन्ही आगींतून ही वस्ती बऱ्याच अंशी वाचली, म्हणून तिच्या गल्ल्या अजून जुन्या वळणाच्या आहेत. बहुतेक जपानी रस्त्यांना नावे नसतात. पत्त्यात वस्ती, तिचा भाग, घरांच्या गटाचा क्रमांक आणि घराचा क्रमांक एवढेच असते. १९६२ च्या कायद्याने क्रमांकांना शिस्त लावण्याचे काम सुरू झाले. तोवर अनेक ठिकाणी शेजारच्या दोन घरांच्या क्रमांकांत काहीच मेळ नसे. नकाशा दाखवणारे यंत्र खिशात असूनही गृहस्थ एका स्मशानभूमीच्या कडेला येऊन थबकतात. थडग्यांमागे उभ्या केलेल्या लाकडी फळ्यांवर काळ्या शाईत काही अक्षरे आहेत. ती त्यांना ओळखीची वाटतात, कारण ती सिद्धम् लिपीतील आहेत. भारतातून बौद्ध धर्माबरोबर गेलेली ही लिपी मायदेशी केव्हाच लुप्त झाली. जपानमध्ये मात्र मृतांच्या स्मरणार्थ ती आजही लिहिली जाते. जपानी वर्णमालेचा क्रमही, अ, इ, उ, ए, ओ, आणि पुढे क, स, त, न, ह, म, य, र, व, असा चालतो. सिद्धम्‌च्या अभ्यासातूनच त्याची ही घडण झाली.

कोपऱ्यावर तांबडा दिवा दिसतो. कोबानमधील पोलीस भिंतीवरील मोठ्या नकाशात बोट फिरवून घर दाखवतो, कागदावर तीन वळणे काढून देतो, आणि पाहुण्याच्या मुद्रेवरील शंका पाहून पहिल्या वळणापर्यंत स्वतः येतो. वाट विचारणाऱ्यांना वाट दाखवणे हे त्याच्या नेमून दिलेल्या कामाचाच भाग आहे.

दार उघडणारे वृद्ध पंडित पुडके दोन्ही हातांनी घेतात आणि लवून नमस्कार करतात. नानज्यो बुन्यु यांनी ऑक्सफर्डला मॅक्स म्यूलर यांच्याजवळ संस्कृतचे अध्ययन केले आणि १८८३ मध्ये चिनी त्रिपिटकाची सूची प्रसिद्ध केली. तेव्हापासून जपानी विद्वानांची जी परंपरा चालत आली, तिचेच हे एक वारस. चहा येतो. टिपणांचे पहिले पान उघडले जाते आणि देवनागरी अक्षरांवरून त्यांचे बोट सावकाश फिरू लागते. पुडके दुपारी कोठे कोठे हिंडून आले, हे गृहस्थ त्यांना सांगतात. पंडितांना त्यात विशेष नवल वाटत नाही. तुमच्या मित्राने चाळीस वर्षे हे सांभाळले, त्या मानाने रेल्वेने एक तास सांभाळले, एवढेच ते म्हणतात.

एका दिवसाच्या या अनुभवातून कोणता निष्कर्ष काढावा? पाहुण्याला जे मिळाले तेच तेथे राहणाऱ्या प्रत्येक परक्याला मिळते, असे समजणे चूक होईल. जपानच्या न्याय मंत्रालयाने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, भाड्याचे घर शोधलेल्या परदेशी रहिवाशांपैकी सुमारे चाळीस टक्के लोकांनी, परदेशी असल्यामुळे आपल्याला घर नाकारले गेले, असे सांगितले. हरवलेली वस्तू परत देण्यासाठी समाजाने कायदा, चौकी आणि सवय या तिन्ही गोष्टी घडवल्या. परक्याला शेजारी म्हणून घरात घेण्यासाठी त्या अजून पुरेशा घडलेल्या नाहीत. आपल्या शहरांतही जात, धर्म आणि आहार विचारून घर नाकारले जाते, तेव्हा या बाबतीत जपानला बोल लावण्याचा अधिकार आपल्याला फारसा नाही.

परदेशातून परतलेल्या माणसांत दोन प्रकार आढळतात. काहींना तेथील सारेच अद्भुत वाटते, आणि आपल्या माणसांना हे कधी जमणार नाही असे ते सांगत सुटतात. काहींना तेथील उणिवा तेवढ्या आठवतात, आणि त्या सांगून ते स्वदेशाचे समाधान करतात. दोघांच्याही हातून एकच गोष्ट निसटते. गुण आणि दोष हे माणसांच्या जातीत नसतात, ते माणसांनी उभारलेल्या व्यवस्थेत आणि तिने लावलेल्या सवयींत असतात. म्हणून ते शिकता येतात आणि गमावताही येतात. सापडलेली वस्तू नेऊन देणाऱ्याला आपल्या गावातील चौकीत किती वेळ उभे राहावे लागते, त्याच्याशी कोण कसे बोलते, आणि रस्त्यात सापडलेल्या रुपयाचे काय करावयाचे हे आपल्या शाळेत मुलांना कोणी सांगते काय, असे साधे प्रश्न त्या गृहस्थांनी मायदेशी परतल्यावर विचारावयास आरंभ केला, तर टोकियोतील त्यांचा तो दिवस कारणी लागला, असे म्हणता येईल.